बंड्याचे अप्पा

दीपश्रीच्या लॅब्राडोरच्या, बंड्याच्या गळ्याखालच्या गाठी कॅन्सरच्या निघाल्या होत्या. कुत्र्यांच्या कॅन्सरवरून माणसांचा कॅन्सर समजून घेणाऱ्या एका अभ्यासात त्याचं नाव लागलं, तर नवं औषध मिळणार होतं. हुबळीच्या दवाखान्यात डॉक्टर हिरेमठ फॉर्म भरत होते आणि दीपश्री त्यांच्या पेनाकडे बघत होती.

"याच्या अप्पालाही कॅन्सर होता काय?" डॉक्टरांनी कानडी वळणाच्या मराठीत विचारलं.

"हो. अशाच गाठी. मार्चमध्ये गेले."

"तेही लॅब्राडोरच?"

"नाही, गणिताचे मास्तर."

पेन थांबलं. कानडीत अप्पा म्हणजे बाप; डॉक्टर कुत्र्याच्या बापाबद्दल विचारत होते, हे आत्ता कुठे तिच्या ध्यानात आलं.

"चुकलं माझं. खोडा ते."

त्यांनी खोडलं नाही. "तुमचे अप्पा आणि हा, एकाच घरात?"

"एकाच खोलीत. हा त्यांच्या कॉटखालीच झोपायचा."

"पाणी कुठलं प्यायचे?"

"परसातल्या बोअरचं. दोघंही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. या वेळी त्यांचा आवाज हळू होता.

"ते पाणी आणखी कोण पितं, अक्का?"

बंड्याच्या गळ्यावरचा दीपश्रीचा हात उचलला गेला आणि सावकाश स्वतःच्या गळ्याशी आला.