दुपारचं गाणं

तिंकाराने प्रोग्रॅममधली शेवटची चूक दुरुस्त केली आणि नव्या कॉम्प्युटरवर गाणं वाजू लागलं. घर उबदार ठेवणाऱ्या भट्टीशेजारच्या बाकावर आडवी झालेली तिची आई, स्लाव्का, जरा वेळ ऐकत राहिली. मग उठून चपला शोधू लागली.

"बाई, हे माझं नाही. दुसऱ्या कुणाचं तरी लावलंय तुम्ही. मी आपली घरी जाते."

मुलीचं नाव ती केव्हाच विसरली होती. तिच्या मनातलं घर सोचा नदीपलीकडे होतं. परवाच ती गुडघाभर पाण्यात सापडली. गाणं वाजलं की मात्र दुपारी गुपचूप निजायची.

कॉलेजात असताना तिंकाराने आईची जन्मतारीख देऊन कॉम्प्युटरकडून आईच्या गाण्याचे सूर काढून घेतले होते; प्रोग्रॅम दरवेळी त्या तारखेवरूनच ते नव्याने वाजवायचा. आता जुना कॉम्प्युटर बंद पडला होता. तारीख तीच, प्रोग्रॅम तोच. पण सूर निवडणारी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमला लागणारा बाहेरचा तयार भाग, मधल्या काळात बदलली, आणि त्याच तारखेतून आता दुसरेच सूर निघत होते. जुनी लायब्ररी नव्या यंत्रावर चालेना. गाणं रेकॉर्ड करायचं कुणालाच सुचलं नव्हतं. रोजची गोष्ट कोण जपून ठेवतं?

"एकही चूक दाखवत नाही की गं," भाऊ गोराज्द कॉम्प्युटरच्या पडद्यात डोकावत म्हणाला.

"तेच तर दुखणं आहे, दादा. चूक असती तर धरली असती."

तोवर आईने चपला घालून दार उघडलं. तिंकाराने तिचा हात धरला, तो तिने झटकला.

अंगणातली चेरी पांढरीशुभ्र फुलली होती. शेंड्यावर बसलेल्या, ऐकलेल्या आवाजांची नक्कल करणाऱ्या भोरडीने गळा फुगवून शीळ घातली. मधला एक सूर अडखळला, जुना कॉम्प्युटर अडखळायचा अगदी तिथेच. उघड्या खिडकीतून पाखराने सगळं ऐकून ठेवलं होतं. तिंकाराला रडूच फुटलं. गोराज्दने घाईघाईने फोन काढला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

आईने चपला काढल्या. बाकावर आडवी होत ती पुटपुटली, "आत्ता कसं!"

गाणं संपलं. आईचा डोळा लागला होता. भोरडीने पंख झटकले आणि आईच्याच आवाजात, पूर्वी आई तिंकाराला जेवायला बोलवायची तशी, हाक मारली, "तिंकाऽ!"

"ओ," तिंकारा म्हणाली. "आले गं."