बंद गेट

रॉईसने ट्रक गेटवरूनच परत पाठवला. ड्रायव्हर कुरकुरला, अंड्यांचे कागदी ट्रे निदान इथे तरी उतरवून घे म्हणाला. रॉईसने नकारार्थी मान हलवली. हा ट्रक मेरेडिथ गावाच्या भागातल्या प्रत्येक पोल्ट्रीवर फिरतो, चाकांना कुठली घाण लागली असेल देव जाणे.

बर्ड फ्लू तासाभराच्या अंतरावरच्या एका पोल्ट्रीपर्यंत येऊन ठेपला होता. तिथल्या सगळ्या कोंबड्या सरकारी माणसांनी गॅस सोडून मारल्या, आणि मालक कुंपणाला टेकून बघत राहिला. तेव्हापासून रॉईसला घास गोड लागत नव्हता. बापाने उभी केलेली पोल्ट्री. एक कोंबडी आजारी निघाली की सगळ्या जाणार.

बाहेर चरणाऱ्या कोंबड्या त्याने शेडमध्ये कोंडल्या. रोग पसरवणारी रानबदकं उतरू नयेत म्हणून तळ्यावर दोऱ्या ताणल्या. प्रत्येक शेडच्या दाराशी बूट बदलायचे, हात धुवायचे. आता मला मिठी मारण्याआधीही औषध फवारशील, असं त्याची बायको नोलीन म्हणाली. तो हसला नाही.

हाताखालचा डेल शनिवारी बदकांच्या शिकारीला गेल्याचं कळलं, तेव्हा तर त्याचा पारा चढला.

"बूट घासून धुतलेत की," डेल म्हणाला.

"शिकारीचा हंगाम संपेपर्यंत तोंड दाखवू नकोस."

डेल गेला आणि सगळं काम दोघांवर पडलं. कोंबड्या रॉईसकडे, अंडी नोलीनकडे. रोज सकाळी तो आधी एकच विचारायचा, अंडी किती? कोंबडी मरायच्या आधी अंडी बंद होतात, हे त्याला बापाने सांगून ठेवलं होतं. का विचारतो ते मात्र नोलीनला त्याने कधी सांगितलं नाही. तिचीही झोप कशाला उडवायची?

आज अंडी भरपूर होती. कोंबड्या नेहमीसारख्या त्याच्या बुटांवर चोची मारत होत्या. कितीतरी दिवसांनी त्याला हायसं वाटलं. चहाचा मग घेऊन तो नोलीनशेजारी खोक्यावर टेकला.

"वाचलो बहुतेक," तो म्हणाला.

"मग डेलला बोलाव. माझी कंबर मोडली."

"बोलावतो." त्याची नजर भरलेल्या ट्रेंच्या थप्पीवर गेली. "एवढे ट्रे कुठून आले? ट्रक तर मी परत पाठवला होता."

"म्हणूनच तर. अंडी काय तुझ्या टोपीत ठेवणार होते? शेजारच्या मर्व्हला फोन केला. बिचारा लगेच घेऊन आला. गेटच्या आत पाऊल टाकलं नाही हं त्याने, बाहेरच ठेवून गेला. मीच ते उचलून सगळ्या शेडमध्ये नेले." नोलीनने पुढचा ट्रे ओढला. "थंडीने असेल म्हणाला, पण परवापासून त्याच्या कोंबड्या अंडीच देईनात. ट्रे नुसते पडून होते."