कामणला न जाणारी बाई

कमळीबाईंनी तिसऱ्यांदा मान हलवली. कामणला जायचं नाही म्हणजे नाही.

प्लासिडने कपाळाला हात लावला. उमेळ्यातला हा बेघर निवारा शनिवारी बंद होणार होता. मालकाला घर परत हवं होतं, त्याची बिल्डरशी बोलणी झाली होती. संस्थेने कामणला दुसरी जागा घेतली. तिथे पंखे नवे, संडास नवे. अकरा माणसं टेम्पोत बसून गेलीसुद्धा. राहिल्या त्या या एकट्या, सत्तरी उलटलेल्या, खिडकीखालच्या खाटेवर पाय दुमडून बसलेल्या.

"मावशी, तिकडे पण मीच असणार आहे," प्लासिड म्हणाला.

"तुम्ही जा. मी इथंच बरी."

प्लासिड निवाऱ्याचा व्यवस्थापक होता, आणि बेघरांच्या हक्कांवर एकदा बोलायला लागला की त्याला आवरणं कठीण. कागद नाहीत म्हणून कोणाला दारातून परत पाठवायचं नाही, नाव सांगितलं तेवढं पुरे, मर्जीविरुद्ध कोणाला उचलायचं नाही, हे तो पोलिसांना ऐकवायचा, शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला ऐकवायचा, पेपर टाकणाऱ्यालाही सोडायचा नाही.

कमळीबाई चार महिन्यांपूर्वी भर दुपारी आल्या होत्या. हातात एक कापडी पिशवी. कुठून आलात विचारलं तर म्हणे, लांबून. नाव विचारल्यावर जरा थांबून म्हणाल्या, कमळी. आडनाव नाही, गाव नाही. आधार कार्डाचा विषय निघाला तशा उठून निघाल्याच. प्लासिडने थांबवलं. नसू दे कार्ड, म्हणाला, करून घेऊ, निवाऱ्याचा पत्ता घालता येतो, घाई नाही. तेव्हा त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"मला इथून कोनी काढनार नाय ना?"

"तुमच्या मर्जीविरुद्ध नाही," प्लासिडने छातीठोकपणे सांगितलं होतं. आता ते आठवलं की त्याला लाज वाटत होती.

बाई कामाला वाघ. आल्या त्याच आठवड्यात विहिरीवरच्या पंपाने हवा धरली. मेकॅनिक यायच्या आत यांनी पाइपात तांब्याभर पाणी ओतलं आणि पंप चालू. पावसाळ्यात फुगलेलं मागचं दार आधी उचलायचं आणि मग ओढायचं, हेही त्यांनीच सगळ्यांना शिकवलं. प्लासिडने कौतुक केलं तर म्हणाल्या, अशाच घरात राबण्यात जन्म गेला. त्याने मनाशी ओळखलं. कुणाकडे तरी घरकामाला असणार, हातपाय थकल्यावर काढून टाकली असणार. अशा बायका त्याने पुष्कळ पाहिल्या होत्या.

पण त्या कोणात मिसळत नसत. संध्याकाळी सगळी मंडळी ओट्यावर गप्पा मारत, तेव्हा या आत. अंगणाबाहेर पाऊल नाही. समोरची केळीची वाडी कधीच गेली होती, तिथे सोळा मजल्यांची इमारत उभी होती. अवतीभवती सगळी नवी माणसं. कमळीबाई खिडकीतून त्या इमारतीकडे बघत बसायच्या. एकटं वाटतं का, असं प्लासिडने एकदा विचारलं.

"वाटतं की," त्या सरळ म्हणाल्या. "पन इथं जरा कमी वाटतं."

चार महिन्यांत त्यांना भेटायला एक माणूस आलं नव्हतं. तो घरी जेवायला बसला की त्याला उगाच ती खाट दिसायची.

शनिवारी सकाळी मालक आला. जितेश, पन्नाशीचा, बोलायला गोड. राहायला ठाण्याला, त्यामुळे करार झाल्यापासून इकडे फिरकला नव्हता. करार करताना मात्र सगळे कागद त्याने स्वतः आणून दिले होते. सातबारा, वडिलांच्या मृत्यूचा दाखला, आई सरोजिनी हिच्याही मृत्यूचा, आणि वारस म्हणून याचं एकट्याचं नाव. आई गेल्यापासून घर खायला उठतं, बेघरांच्या तरी कामी येऊ दे, असं तो म्हणाला होता. प्लासिडला तेव्हा माणूस आवडला होता.

प्लासिडने त्याला ओट्यावरच गाठलं.

"आत एक मावशी आहेत. त्यांची जायची तयारी नाही, आणि त्या हो म्हणेपर्यंत मी ताबा देणार नाही. माणसाला सामानासारखं टेम्पोत टाकता येत नाही, साहेब."

हे नोकरीवर बेतणार हे त्याला स्वच्छ दिसत होतं, पण शब्द देऊन बसला होता.

जितेश रागावला नाही. पोलीस-बिलीस कशाला, म्हणाला, मीच बोलतो त्यांच्याशी, आणि हवं तर माझ्या गाडीतून कामणला सोडतो.

"म्हाताऱ्या माणसांना नीट समजावलं की ऐकतात," तो हसून म्हणाला. "आमच्या आईला पण मीच समजवायचो."

प्लासिडला बरं वाटलं. तो बाजूला झाला आणि जितेशच्या मागोमाग दारापर्यंत गेला. जितेश उंबरा ओलांडून आत शिरला. कमळीबाई खाटेवर दाराकडे पाठ करून बसल्या होत्या. पावलं वाजली तरी त्यांनी वळून पाहिलं नाही.

"जितू," त्या म्हणाल्या, "चपला बाहेर काढून ये. किती वेळा सांगायचं तुला."