हलव्याचा हार

"फोटोपुरतं गं, पाच मिनिटं," म्हणत कुमुदताईंनी नव्या सुनेच्या, शाल्मलीच्या, खांद्यावर काळ्या साडीचा पदर सारखा केला. हलव्याचे दागिने त्यांनी स्वतः घडवले होते.

थंडी पडेनाशी झाली तशा गांधीलमाश्या बारमाही झाल्या, आणि त्यांचा एक डंखही माणसाच्या जिवावर बेतू लागला. काळा रंग दिसला की त्या चवताळत. आताशा सगळं गाव पांढऱ्यातच वावरे. पण सुनेची पहिली संक्रांत काळ्या साडीवाचून? ते काही कुमुदताईंना पटेना. घराच्या दाराखिडक्यांना जाळ्या होत्याच की!

"आई, एवढं अंधारून का आलं?" शाल्मलीनं विचारलं.

ऐन दुपार होती. कुमुदताईंनी मागे पाहिलं. खिडकीच्या जाळीवर इतक्या माश्या बसल्या होत्या की ऊन आत येईना. एकही गुणगुणत नव्हती. सगळ्यांची तोंडं घराकडे होती.

"जाळी पक्की आहे. तू हस बघू."

शाल्मली हसली. कुमुदताईंनी मोबाइल डोळ्यांसमोर धरला. हलवा त्यांनी सगळा पांढराशुभ्र केला होता. हारातला एक पिवळा दाणा शाल्मलीच्या गळ्याकडे चालत निघाला होता.