मानेचा होकार

एकोणीसशे शहात्तर साल होतं. परदेशातल्या खेड्यात शिकायला गेलेली डॉक्टरकीची विद्यार्थिनी त्या सकाळी दवाखान्यात एकटीच होती. जुलाबांनी चिपाड झालेलं लेकरू घेऊन एक बाई आली. "जगेल ना गं, पोरी?" पोरीनं आपल्याकडच्या सवयीनं 'हो' म्हणून मान डावीउजवीकडे डोलावली. तिथं त्याचा अर्थ 'नाही'! बाईनं हंबरडा फोडला, लेकरू उचललं आणि दार गाठलं. पोरगी दारात आडवी उभी राहिली. "अहो मावशी, आमच्याकडे 'हो' असंच म्हणतात!" "आणि 'नाही' कसं म्हणतात?" "मी म्हणतच नाही. बसा!" दुपारपर्यंत तिनं चमच्याचमच्यानं साखरमिठाचं पाणी पाजलं, तेव्हा कुठे लेकरानं तिच्या मांडीवर शू केली; अंगात पाणी ठरलं होतं. दोघी आनंदानं ओरडल्या. पुढे ते लेकरू बसड्रायव्हर झालं. विद्यार्थिनी तिथंच डॉक्टर म्हणून राहिली. मावशी दवाखान्यात लेकुरवाळ्या बायकांना आधीच बजावायची, "डॉक्टरीणबाईंच्या मानेकडे बघू नका!"