उरलेले चाळीस हजार

"चाळीस हजार परत घेता येणार नाहीत," पतसंस्थेचे मॅनेजर म्हणाले. "कर्ज गाडीसाठी मंजूर झालंय. गाडीवरच खर्च करा आणि पावत्या आणून द्या."

चूक माझ्या बायकोची. घैसास काकांनी त्यांच्या जुन्या गाडीचे तीन लाख सांगितले, म्हणून मी तेवढंच कर्ज काढलं. पण घासाघीस केल्याशिवाय ही कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेत नाही. मी चेक लिहायला बसलो, तेवढ्यात तिने काकांना दोन लाख साठ हजारांवर आणलं.

मग आम्ही गाडी नटवत सुटलो. नवे टायर, मखमली सीटकव्हर, मागचा कॅमेरा, गाणं वाजवणारा हॉर्न. तरी सहाशे उरले, तेव्हा काचेमागच्या गणपतीला चांदीची छत्री केली.

ती बसवत होतो, तोच घैसास काका आले. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि चक्क डोळे पुसले. "अहो, आमची गाडी एवढी देखणी होती? परत द्या मला. तीन लाख देतो."

मी नाही म्हणणार, एवढ्यात ही म्हणाली, "साडेतीन."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं चालत पतसंस्थेत गेलो. मॅनेजरांनी एकेक पावती तपासली, शिक्के मारले आणि समाधानाने विचारलं, "आता काही उरलं नाही ना?"

"पैसे सगळे उरलेत, साहेब," मी म्हणालो. "गाडी संपली."