समोरची खिडकी

आईच्या स्वयंपाकघराची खिडकी लावायला तिनं हात नेला, तोच समोरच्या बंगल्यातून देवरुखकर काकू ओरडल्या, "अगं थांब, एवढ्यात नको लावूस!"

पुण्याबाहेरच्या त्या छोट्या वसाहतीत बंगल्यांना मुलांची नावं होती आणि मुलं लांब गेलेली होती. म्हणून आईनं आणि काकूंनी एक रीत पाडली होती. सकाळी उठलं की स्वयंपाकघराची खिडकी उघडायची, म्हणजे समोरचीचा जीव भांड्यात पडतो. मागच्या महिन्यात एका सकाळी आईची खिडकी उघडलीच नाही. जादा किल्ली घेऊन काकूच धावल्या, आणि तिला मुंबईला फोनही त्यांनीच केला.

आता ती घर बंद करायला आली होती. काकू कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"आता माझी खिडकी कोण बघणार गं?"

"मला फोन करत जा ना, काकू."

"शहाणीच आहेस! मेल्यावर फोन कसा करणार?"

दोघी हसल्या. हसता हसता काकूंनी तोंड फिरवलं आणि पदर डोळ्यांना लावला.

"मीच करीन," ती म्हणाली. "रोज सकाळी."

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या घरून तिनं नंबर लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत काकूंनी फोन उचलला.

"आहे गं बाई, आहे अजून," त्या म्हणाल्या. "आणि तू कशी आहेस?"

महिनाभर सगळे तिला आई कशी गेली तेच विचारत होते. उत्तर द्यायला तिला बराच वेळ लागला. काकूंनी फोन ठेवला नाही.